डोळे उघडे असताना

केशवराव बडेकर यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत, त्यानिमित्त निघणाऱ्या ग्रंथासाठी मी चार शब्द लिहावेत, असा समितीचा निरोप आला. तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो असा, की हे गृहस्थ सत्काराच्या खुर्चीवर तासभर बसणार कसे? त्यांच्या पायाला जन्मापासून भिंगरी आहे. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना कॅमेऱ्यापुढे स्वस्थ बसवले, त्यांना स्वतःला बूड टेकवून बसलेले मी फार थोड्या वेळा पाहिले आहे.

आमची पहिली भेटही अशीच घाईची झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईला तोंड लागले होते तेव्हाची गोष्ट. कर्जतच्या बाजारात माझे तसबिरींचे दुकान होते. देवादिकांची चित्रे, आरसे, काचा बसवून देणे, असा सगळा कारभार. एके सकाळी खांद्यावर तीन पायांचा लाकडी स्टँड आणि हातात कातडी पेटी घेतलेले एक सडपातळ तरुण गृहस्थ दुकानात शिरले. ना राम राम, ना श्याम श्याम. थेट मागच्या खोलीत गेले आणि त्यांनी दार आतून लावून घेतले. मला वाटले, दिवसाढवळ्या चोर शिरला! मी कड्या वाजवतो आहे, तोवर दार उघडून बाहेर आले आणि म्हणाले, "छान अंधार आहे. ही खोली मला द्या." माझ्या दुकानातल्या अंधाराचे कौतुक त्याआधी कोणी केले नव्हते आणि नंतरही नाही. मी खोली दिली.

केशवराव कडावच्या बाजूचे. मुंबईच्या एका स्टुडिओत ते काचा धुण्याचे आणि छपाईचे काम करीत. त्या काळी फोटो काचेच्या प्लेटांवर निघत. दुसऱ्याने काढलेले चेहरे रोज पाण्यातून वर येताना पाहायचे आणि आपण मात्र कॅमेऱ्यामागे उभे राहायचे नाही, हे त्यांना सोसवेना. शेवटी त्यांनी एक जुना कॅमेरा मिळवला आणि ते गावाकडे परतले. कर्जत-खालापूरकडे फोटोग्राफर नाही, म्हणजे आपल्या दारात गिऱ्हाइकांची रीघ लागेल, असा त्यांचा अंदाज होता. आजवर फोटोग्राफर का नव्हता, याचा विचार त्यांनीही केला नाही आणि खोली देताना मीही नाही.

रीघ सोडाच, कुत्रे फिरकेना. केशवराव दुकानाच्या पायरीवरून स्टेशनापर्यंत जात आणि परत येत. परत आले की पडदा झटकत, भिंग पुसत आणि पुन्हा निघत. माझ्या एका गिऱ्हाइकाने एकदा विचारले, "यांचं काय हरवलंय का?"

आणि मग कशेळ्याहून पहिले बोलावणे आले. तिथले एक भाताचे मोठे व्यापारी वारले होते. घरात त्यांचे एकही चित्र नव्हते. मुलांनी बापाला फेटा बांधला, उपरणे घातले, खुर्चीत टेकवून बसवले आणि अंगणात सगळा गाव खोळंबून राहिला. केशवरावांनी फोटो इतका सुरेख काढला, की तेराव्याला आलेले पाहुणे तसबिरीपुढून हलेनात. तिथेच पुढचे सगळे ठरून गेले. ज्या घरी मयत होई त्या घरचा माणूस आधी केशवरावांकडे येऊ लागला. मला तक्रार करायला जागा नव्हती, कारण प्रत्येक फोटोची चौकट माझ्याच दुकानातून जाई. केशवराव मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेले. खांद्यावर स्टँड टाकून ते बाजारातून निघाले, की ओट्यावरची माणसे उठून उभी राहत आणि विचारत, "कोन गेलं रं?" बायका पोरांना पदराआड घेत. त्यांचे नावच पडले, मयतीचा फोटुवाला. असा माणूस जिवंतांचा फोटो काढतो म्हणाला तर त्याच्यापुढे बसणार कोण?

त्या उन्हाळ्यात चौक गावच्या धोंडूशेठांच्या मुलीचे लग्न निघाले. धोंडूशेठ म्हणजे भुसार मालाचे दुकानदार, गावातले वजनदार गृहस्थ. जावई मुंबईत नोकरीला, त्यांना जोडीचा फोटो हवा होता. केशवरावांना आवतण आले आणि गड्याच्या अंगात वारे शिरले. नवा सदरा शिवला. मदतीला म्हणून मला बरोबर घेतले. आम्ही मांडवाच्या तोंडाशी पोहोचलो, आणि घात झाला. धोंडूशेठांच्या आई, बयाआजी, माजघरात आजारी होत्या. स्वयंपाकाला बसलेल्या एका बाईंनी खांद्यावरचा स्टँड पाहिला आणि हंबरडा फोडला, "अगं बया, आजी गेली! फोटुवाला आला गं!" पाठोपाठ दुसरी रडू लागली, मग तिसरी. वाजंत्री थांबली. आत बयाआजी खडखडीत जाग्या होत्या आणि कोण मेले म्हणून विचारीत होत्या. धोंडूशेठ घाम पुसत बाहेर आले आणि हात जोडून म्हणाले, "तुमी आता जावा. मंगलकार्य हाय घरात."

आम्ही परत फिरलो. मोठ्या रस्त्यावर लष्कराच्या लॉऱ्या धूळ उडवीत जात होत्या. केशवराव माझ्या चार पावले पुढे चालत होते. बाजाराच्या तोंडाशी आल्यावर थांबले. म्हणाले, "शेठ, मी इथं आल्यापासून काचेवर एकाही माणसाचे उघडे डोळे पाहिलेले नाहीत. आता दिवाळी झाली की मुंबईला परत जातो. धुतो दुसऱ्यांच्या काचा. मयताचा फोटो मात्र यापुढे काढणार नाही." मी त्यांची समजूत घातली नाही. काय तोंडाने घालणार होतो?

दिवाळी झाली. पेटी बांधून तयार होती. अशात चौकचा एक गडी धावत आला. "म्हातारीचं काय खरं नाय. शेटनी बलावलंय, असाल तसं या."

"गेल्या का?" केशवरावांनी विचारले.

"नाय. पन आज जातील."

केशवरावांनी बांधलेली पेटी सोडली आणि स्टँड खांद्यावर टाकला. मी म्हटले, "अहो, मयताचा काढणार नव्हता ना?"

"त्या अजून जिवंत आहेत," एवढेच म्हणाले आणि चालू लागले. मी दुकानाच्या फळ्या लावून त्यांच्यामागे निघालो.

धोंडूशेठांनी सगळी व्यवस्था करून ठेवली होती. अंगणात उन्हाकडे तोंड करून खुर्ची मांडली होती, तिच्यावर धुवट चादर होती. आम्हाला ओटीवर घोंगडी टाकून दिली. "बसा. येळ आली का सांगतो," म्हणाले. म्हणजे आम्ही काय करायचे, तर आतल्या जिवाच्या जाण्याची वाट पाहत चहा प्यायचा! मी कप तसाच खाली ठेवला. केशवराव तर बसलेच नाहीत. ओटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या.

त्या फेऱ्यांनीच घोळ केला. आतून बयाआजींचा आवाज आला, "कोन हाय रं ओटीवं? मगापासून कोन चालतंय?"

केशवराव सरळ माजघरात गेले आणि म्हणाले, "मी फोटोग्राफर, आजी."

"माजा फोटु काढाया आलास?"

"होय."

"मंग काढ की. कोनाची वाट बगतोस?"

घरातली सगळी माणसे जमिनीकडे पाहू लागली. आजींना समजायला वेळ लागला नाही. त्यांनी मुलाकडे मान वळवली. "धोंड्या, मी मेल्यावं फोटु काढनार, भिताडावं लावनार, साऱ्या गावाला दाखवनार, आन् मलाच दाखवनार नाय? ह्यो काय न्याय हाय रं?"

धोंडूशेठांनी केशवरावांना बाहेर ओढले. ते माणूस वाईट नव्हते, घाबरले होते. "आत्ता काढलात आन् उद्या ती गेली, तर लोकं म्हनतील फोटुवाल्यानं नेली. तुमाला या मुलखात कोन दारात उभं करनार नाय. जरा दम धरा. दोन-चार घटकांचा तर सवाल हाय." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मीसुद्धा केशवरावांचा हात धरला आणि म्हणालो, "चला घरी. पेटी पुन्हा बांधू."

केशवरावांनी हात सोडवून घेतला. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. मला म्हणाले, "त्या विचारतायत शेठ. मी काय सांगू त्यांना, आधी मरा म्हणून?"

मग धोंडूशेठांचेही काही चालले नाही. आजींना नऊवारी नेसवले, नथ घातली आणि दोघांनी उचलून अंगणातल्या खुर्चीत बसवले. लढाईमुळे प्लेटा मिळत नव्हत्या. केशवरावांपाशी दोनच होत्या. पहिली वाया गेली, कारण नथ वाकडी घातली म्हणून आजी सुनेवर डाफरत होत्या आणि मान हलत होती. दुसरी प्लेट चढवण्याआधी केशवरावांनी भिंग पुन्हा एकदा पुसले. ते काळ्या कापडाखाली गेले, बाहेर आले, पुन्हा गेले. "आता अगदी हलू नका, आजी."

"श्वास तरी घिऊ का?"

"घ्या, आजी. तेवढा मात्र थांबवू नका."

धोंडूशेठ आधी हसले, मग सुना, मग सगळे अंगण. कित्येक दिवसांत त्या घरात कोणी हसले नव्हते. आजी हसल्या नाहीत, पण त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती कॅमेऱ्यावर येऊन ठरली. केशवरावांनी भिंगावरची टोपी काढली.

त्यानंतरचे दिवस मी शत्रूलाही देणार नाही. चौककडून कोणी आले, की केशवराव रस्त्यावर धावत जाऊन विचारीत, "बयाआजी कशा आहेत?" गाडीवानांना विचारीत, भाजीवाल्यांना विचारीत. माझे जेवणावरून मन उडाले होते, मग त्यांचे काय झाले असेल! आजी गेल्याची बातमी काही येईना. तेव्हा छापलेला फोटो घेऊन आम्ही स्वतःच चौकला गेलो. आजी भिंतीला टेकून पेज पीत होत्या.

त्यांनी फोटो हातात घेतला. जवळ धरला, लांब धरला. घरात आरसा होता तो कुंकवापुरता, त्यात अख्खे तोंड कधी दिसलेच नव्हते. मग म्हणाल्या, "ही तर माजी आय हाय रं." आणि तो कागद कपाळाला लावून म्हणाल्या, "आयचा फोटु कोनीच काढला नव्हता. मी तिचं त्वांड इसरले होते." मला रडू आवरेना. केशवराव पाठ फिरवून अंगणात निघून गेले.

बयाआजींनी पुढची भातकापणी पाहिली, तिच्या पुढचीही पाहिली. आणि आमच्या लोकांचे काय सांगावे! फोटो काढला आणि म्हातारी उठून बसली, अशी बोंब झाली. आजाऱ्यांना बैलगाडीत घालून माझ्या दुकानापुढे आणू लागले. केशवराव संतापत, "मी वैद्य आहे का?" पण फोटो काढून देत. धोंडूशेठांच्या धाकट्या मुलीच्या लग्नात तर त्यांना मांडवात मानाच्या पाटावर बसवले. अर्थात ते बसले नाहीत.

धंदा मार्गी लागला, तसा दुसरा कोणी जुने विसरला असता. केशवरावांनी तसे केले नाही. पूर्वी ज्या ज्या घरी त्यांनी मयताचा फोटो काढला होता, त्या प्रत्येक घरी ते आपण होऊन पुन्हा गेले आणि घरातल्या जित्या माणसांचा फोटो काढून देऊन आले. काही मोबदला घेतला नाही. कशेळ्याच्या व्यापाऱ्यांच्या विधवा पत्नी पुढे यायला तयार नव्हत्या, त्यांना मधोमध बसवले आणि मुलांना मागे उभे केले. त्या काळात हे धाडसच होते. मयताचे बोलावणे आले तर ते पुढेही जात, कारण शोकात बुडालेल्या घराला नाही म्हणणे त्यांना जमले नाही. मात्र निघताना घरातल्यांना चांगले फैलावर घेत, "डोळे उघडे असताना का नाही बोलावलंत?"

माझ्यावरचा त्यांचा उपकार मी इथे जाहीरपणे सांगणार आहे. माझ्या दुकानातच फोटोग्राफर, त्यामुळे माझ्या पत्नीचा, सरस्वतीचा, फोटो काढायचे नेहमी उद्यावर जाई. घरचे काम नि उद्या बघू, अशी गत. एका सकाळी ती माझा डबा घेऊन आली, तेव्हा केशवरावांनी तिच्या हातातला डबा काढून घेतला. "वहिनी, बसा." ती म्हणाली, "अहो, लुगडं साधं आहे, केस विंचरलेले नाहीत." ते म्हणाले, "मला केसांचा फोटो काढायचा नाहीये." फोटोत ती माझ्याकडे रागाने पाहते आहे, मी फिदीफिदी हसत होतो म्हणून. पुढे ती अचानक गेली, तापाने, कोणाला बोलवायलाही वेळ न देता. आज तिचा तो राग माझ्या समोरच्या भिंतीवर आहे. रोज सकाळी ती मला रागे भरते आणि मी कामाला लागतो. केशवराव, हे तुम्हाला मी कधी तोंडावर सांगितले नाही.

या ग्रंथाच्या आरंभी केशवरावांचा जो फोटो आहे, त्यात चेहरा किंचित हललेला दिसेल. छापखान्याचा दोष समजू नये. त्यांच्या चिरंजीवांनी पुष्कळ खटपट करून काढलेल्यांपैकी तो बरा निघाला म्हणून घेतला आहे. ते अजूनही पहाटे उठून माथेरानच्या पायथ्यापर्यंत चालून येतात आणि वाटेत कोणाच्या घरी आजी-आजोबांचा फोटो नाही, याची चौकशी करतात. परमेश्वराने त्यांचे पाय, त्यांची नजर आणि त्यांची ही तगमग अशीच राखावी, आणि शंभरी ओलांडल्यावरही त्यांचा फोटो हललेलाच यावा.

मी तसबीरवाला. माणूस गेला की त्याच्या घरचे माझ्याकडे येतात, ही माझ्या धंद्याची रीत आहे. केशवराव, तुमच्या फोटोला चौकट करायची मला मुळीच घाई नाही.