खिशातली पाचक कॅप्सूल

शहापुरात आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात. त्यांचं पोट गुरगुरलं की महामार्गावरचे ट्रक बाजू देतात. पहिल्या घासाबरोबर एन्झाइमची कॅप्सूल घेतली, तरच त्यांना अन्न जिरतं. कॅप्सूलची पट्टी कायम खिशात, पण दाखवायची लाज.

पोरीच्या सोयरिकीला पाहुणे आले. वडाभाताचा वास सुटताच यांनी घाईत कॅप्सूल गिळली. पंगत मात्र मुलाच्या मामासाठी थांबली, आणि मामा अजून बपेरा गावाच्या वाटेवरच! रिकाम्या पोटात कॅप्सूल पेटली. गृहस्थ विहिरीपर्यंत जायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. अंगणात चर पडला म्हणा ना.

मुलाचे वडील तडकले, "काहून फिरून राहिले जी? पोरगी द्याची नाही काय?"

दारातून पोरगी बापाकडे बघत होती. गृहस्थांनी खिशातली पट्टी काढून सगळ्यांपुढे धरली. "पोरगी द्याची आहे जी. पोटच बसू देऊन नाही राहिलं."

मुलाच्या वडिलांनी पट्टी निरखली, एक कॅप्सूल तोंडात टाकली आणि ते पुटपुटले, "वडा मलेबी बाधते."

मामा पोचले तेव्हा दोघे व्याही जोडीनं विहिरीपर्यंत येरझाऱ्या घालत होते.