आतली खुंटी

चूक माझीच. मोजणीच्या दिवशी टेपचं टोक धरून मी आतल्या खुंटीवर उभा राहिलो.

नगरपालिकेच्या फुटबॉल मैदानाला प्रत्येक कोपऱ्यात दोन लोखंडी खुंट्या होत्या. बाहेरची मोठ्यांच्या सामन्यांसाठी, आतली शाळेतल्या पोरांसाठी. सगळ्या जैनुद्दीनचाचांनी ठोकलेल्या. साखर कारखान्याच्या कामगारांनी दगड वेचून केलेलं हे मैदान पालिकेकडे आलं, तेव्हा चाचा रोजंदारीवर लागले. पाणी मारायचं, राखण करायची, सामन्याआधी चुन्याची फक्की मारायची. पस्तीस वर्षांनी ते निवृत्त झाले. पण हे त्यांना कुणी नीट सांगितलं नसावं. रोज सकाळी हजर. कोल्हारचा संघ यायचा, राहात्याचा यायचा, आणि हरणारा संघ चाचांच्या रेघेला नावं ठेवून जायचा.

नव्या स्टेडियमसाठी मोजणी झाली त्या दिवशी चाचा तापानं पडून होते, म्हणून टेप धरायला मी गेलो. त्यांनी मला त्यांची गाठी मारलेली दोरी दिली. "टेप घसरतो, आदिनाथ. दोरीनं ताडून बघ. एकशेपाच मीटर भरलं पायजे."

पण पालिकेच्या इंजिनिअरसाहेबांशेजारी दोरी धरून उभं राहणं म्हणजे बैल राखायला आल्यासारखं. मी ती साहेबांच्या गाडीच्या डिकीत टाकली आणि तिथंच विसरलो.

तीन महिन्यांनी जेसीबीनं खुंट्या उपटल्या आणि फाटकाशी नव्या स्टेडियमचा रंगीत फलक लागला. हिरवंगार कृत्रिम गवत, पत्र्याची गॅलरी, शिर्डीला जाणाऱ्या भाविकांसाठी रस्त्याकडेला चोवीस गाळे. मैदानाची लांबी ब्याऐंशी मीटर. चाचांनी तो आकडा दोनदा वाचला.

"कुठल्या खुंटीवर उभा हुतास?"

मी सांगितलं. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर सोपं गेलं असतं. ते एवढंच म्हणाले, "नव्वदच्या आत मोठा सामना व्हत न्हाई."

मग पालिकेच्या सहा खेपा झाल्या. प्रत्येक वेळी मी सोबत होतो, चूक कबूल करत. मोजणीवाल्या साहेबांची बदली झालेली. नवे साहेब सभ्य होते, हेच वाईट.

"चाचा, नकाशा मंजूर झालाय, गाळ्यांचा लिलावही झालाय. ब्याऐंशीत पोरं खेळणार नाहीत का?"

"पोरं खेळतील साहेब. मोठी झाल्यावर कुठं जातील?"

"पूर्वी एकशेपाच होतं, याला काही पुरावा?"

"माझी दोरी हाय," चाचा म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी चहा मागवला. चाचांनी घेतला नाही. मी दोन्ही कप संपवले.

आता त्यांची मुलगी शबनम रोज मला विचारते, अब्बू जेवत का नाहीत. चाचा खोदलेल्या मैदानात पावलं मोजत फिरतात. पूर्वी एकशेवीस पावलं भरायची; आता चौऱ्याण्णवाव्या पावलाला गाळ्याचा पाया आडवा येतो. ते थांबतात, मागं जातात, पुन्हा पहिल्यापासून मोजतात; जणू पाऊल मोठं पडलं असेल.

काल मी म्हणालो, "चाचा, नवीन दोरी आणून देतो."

"तिला माझ्या गाठी कुठनं यायच्या? नेलीस ती आण."

बदली झालेल्या साहेबांना मी चार फोन केले. "बघतो," म्हणतात. दोरी अजून माझ्याकडेच लागते.