चुलतसासऱ्यांचा आजारी बैल

आमच्या चुलतसासऱ्यांना उभ्या जन्मात आजार म्हणून झाला नाही. जे काय झालं ते बैलाला. ह्या मामांचे गुडघे धरले की ओट्यावरून हाक यायची, "सूनबाई, बैल लंगडून राह्यला, तेल तापव!" तेल तापलं की बसायचे स्वतःच्याच गुडघ्यांना चोळत. वर म्हणायचे, "उरलंय, वाया कशाला घालू?" भूक नसली की बैलानं कडबा सोडलेला असायचा. बैल बिचारा गोठ्यात धडधाकट, निवांत रवंथ करतोय. नवी नवरी होते तेव्हा मी खुळ्यासारखी ढोरांचा डॉक्टर बोलावला होता. त्यानंतर मात्र शहाणी झाले आणि बैलाचा काढा गुपचूप मामांच्या पेल्यात ओतू लागले.

आणि हा माणूस जेलात जाऊन बसला! कालव्याच्या पाण्यासाठी अंबडच्या सडकेवर ठिय्या दिला, भाषण ठोकलं. बाकीचे सुटले, हे पुढारी म्हणून आतच राहिले. वकील म्हणाले, "साखर आहे, धाप लागते, तब्येतीवर जामीन मिळेल. फक्त डॉक्टरांना खरं सांगू द्या." मी कपाळावर हात मारला. व्हायचं तेच झालं. तपासायला आलेल्या डॉक्टरला हे सांगतात, "मी बिलकुल ठणठणीत. आमच्या बैलाला तेवढा चार पावलं चाललं की दम लागून राह्यला." डॉक्टर भला माणूस. बैलाला गुरांच्या दवाखान्यात न्या म्हणाला आणि कागदावर 'प्रकृती उत्तम' लिहून मोकळा झाला. वकिलांना मी सगळी गोम सांगितली, तर ते म्हणतात, "ताई, जजसाहेबांपुढे बैल कसा उभा करू?"

कशीबशी दुसरी तपासणी मिळाली. आदल्या दिवशी मी मुलाखतीला गेले. काचेपलीकडे मामा, हातात फोन, चेहरा पार उतरलेला. मी दटावलंच, "मामा, उद्या बैलाचं नाव काढायचं न्हाई."

"मी काय चोरी केली व्हय? रडगाणं गाऊन सुटलो तर गाव हसंल."

"हसू द्या गावाला. तिकडं मामींनी जेवण टाकलंय."

"तिनं, का तिच्या म्हशीनं?" बायकोचा विषय निघाला तरी खोडी जाईना.

"मामींनी. स्वतः. दाराकडं बघत बसतात नुसत्या."

मामा एक हात काचेला टेकवून उभे राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "मंग सांगतो डॉक्टरला. मला दम लागतो. मला घरी जायचंय."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच 'मला' ऐकलं. मी हसायला गेले आणि रडूच आलं.

"बैल बरा आहे, मामा," मी पदरानं डोळे पुसत म्हटलं.

"असणारच," ते म्हणाले. "त्याला कवा काय झाल्तं?"