सिकंदराची कडक भाकरी

ग्रीस नावाचा देश खरं तर सोलापुरात आहे, आणि तो आमच्या मामाच्या ओट्यावर मावतो. तुम्हाला पटणार नाही, पण त्या ओट्यावर एकदा चहाला बसलेला माणूस उठताना अथेन्सचं कसं होणार ही काळजी डोक्यात घेऊनच उठायचा. मामा मोहोळच्या शाळेत इतिहास शिकवायचा, रोज एसटीनं जाऊन-येऊन, आणि मीही त्याच्याबरोबर, त्याच्याच वर्गात. पुस्तकात ग्रीकांना अर्धं पान होतं. मामा त्या अर्ध्या पानावर दिवाळीपर्यंत मुक्काम ठोकायचा. त्यामुळं फ्रेंच राज्यक्रांती आमच्या वर्गात कधी झालीच नाही. तिथला राजा आमच्यापुरता अजून सुखात आहे.

मी नकला करतो. हेडमास्तर, कंडक्टर, नगरसेवक, सगळे माझ्या घशात भाड्यानं राहतात. पण मामाची नक्कल करायला नुसता आवाज पुरत नाही. डावा हात खांद्यावरच्या टॉवेलवर, उजवा हवेत, आणि डोळे समुद्रावर. आता सोलापुरात समुद्र कुठला? पण मामा "थेमिस्टोक्लीजनं जहाजं बांधली की रे!" असं म्हणाला की समोर नळाला लावलेल्या घागरी मला खरंच डुलताना दिसायच्या. अख्खी गल्ली त्याच्या तराजूत बसायची. नगरसेवक भाषण ठोकून गेला की मामा म्हणायचा, "बोलतो पेरिक्लीजवानी. पण पेरिक्लीजनं टेकडीवर देऊळ तरी बांधून दाखवलं. ह्यानं गटारावर फरशी टाकली का?" भाजीत मीठ कमी पडलं तर, "आज घरात स्पार्टा हाय वाटतं. तिथले शिपाई असलंच बेचव खायचे." त्यावर मामी आतून, "व्हय, मग स्पार्टावाल्यांनी आपापलं ताट घासून ठेवावं!"

सिकंदर मात्र त्याच्या गळ्यात अडकलेला होता. एकदा जेवताना मी म्हणालो, "मामा, सगळ्यात मोठा सिकंदरच की." मामानं टोपलीतली कडक भाकरी उचलली. पापडासारखी पातळ, ताटाएवढी. म्हणाला, "हे त्याचं राज्य. बघ, कसं अखंड हाय. आता त्यो मरायला टेकला. सरदार इचारत्यात, राज्य कुणाला? ह्यो म्हणतो, जो दमदार असंल त्याला." आणि मामानं भाकरीवर मूठ मारली. कटाकट! एक तुकडा टॉलेमीला, एक सेल्यूकसला, चुरा मांजराला. "जिंकायला अक्कल लागती. पण आपण गेल्यावर मोडू नये असं ठिवायला काय लागतं, ते सिकंदराला कुटं म्हाईत होतं?" मग उरलेले तुकडे त्यानं ताटात परत जुळवून बघितले. मेलेल्या राजासाठी भाकरी जुळवत बसणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

त्या जुळवण्याचं कारण पुढं कळलं. गल्लीतलं लेझीम पथक मामानं उभं केलेलं. त्याची शिट्टी वाजली की शंभर पायांचा डाव एकदम बदलायचा. पण मामा रिटायर झाला, त्याचे गुडघे गेले आणि शिट्टी कुणाला द्यायची हा प्रश्न आला. एकीकडं इरण्णा, छाती दरवाजाएवढी. दुसरीकडं शिनू, नवे डाव बसवण्यात हुशार. मिरवणूक तोंडावर आली आणि दोघांची पोरं मैदानाच्या दोन टोकांना वेगवेगळी खेळायला लागली. मामा दिवसभर जेवला नाही. मामी मला म्हणाली, "तुज्या मामाची भाकरी मोडायली बघ."

दुसऱ्या दिवशी मामानं जुना माठ फोडला आणि सगळ्यांना एकेक खापरी आणि खडू दिला. "अथेन्समदी भांडण हाताभाईर गेलं की लोक असंच खापरीवर एक नाव लिहायचे. ज्याचं नाव जास्त, त्यानं धा वरसं गावाभाईर. इरण्णा का शिनू, तुमीच ठरवा." एवढं सांगितलं, पण आमच्या पोरांना नाव लिहिणं म्हणजे मत देणं, आणि मत म्हणजे निवडून आणणं, एवढंच ठाऊक. मामानं खापऱ्या उलट्या केल्या. पहिलीवर मामाचं नाव. दुसरीवर मामाचं नाव. इरण्णाच्या, शिनूच्या, अगदी माझ्यासुद्धा खापरीवर मामाचंच.

"मामा, आमी तुमाला निवडलंय हो!" इरण्णा ओरडला. "शिट्टी तुमीच ठिवा!"

मामानं एकेक खापरी पुन्हा उचलून बघितली. मग हसला. "म्हाईत हाय रे. पण कायदा म्हंजे कायदा. ज्याचं नाव जास्त, त्यो भाईर." गळ्यातली शिट्टी काढून त्यानं त्या दोघांच्या मधोमध जमिनीवर ठेवली. "अथेन्सच्या सोलननं कायदे केले अन् स्वताच गाव सोडलं, का? त्यो हितंच ऱ्हायला असता, तर लोक रोज त्याच्याच तोंडाकडं बघत बसले असते." त्याच आठवड्यात मामा-मामी आपल्या मंद्रूपच्या शेतावर राहायला गेले. दोघं भांडणारे एसटी हलेपर्यंत खिडकीला धरून उभे होते. एकाच खिडकीला.

मिरवणूक झाल्यावर मी बाजाराच्या दिवशी मंद्रूपला गेलो. खिडकीत सगळ्या खापऱ्या ओळीनं मांडलेल्या, खडू पुसला जाऊ नये म्हणून वरून काच. मामानं आधी चहा पाजला. मग अंगणाकडं बघत म्हणाला, "शिट्टी कुणाकडं?"

"अर्ध्या रस्त्यापर्यंत इरण्णाकडं, पुढं शिनूकडं."

"चौकात डाव बदलताना?"

"सगळ्यांनी एकदा पानटपरीच्या कोपऱ्याकडं बघितलं. तू उभा राहायचास तिथं. मग बदलला."

"मोडलं न्हाय?"

"न्हाय मोडलं."

मामानं टॉवेलनं उगाचच खापऱ्यांवरची काच पुसली. "म्हंजे सिकंदरापेक्षा बरं झालं की रे आपलं," तो म्हणाला. आणि जरा थांबून, शाळेतल्या पोरानं सुट्टी कधी म्हणून विचारावं तसं, "धा वरसं व्हायला अजून लई टाइम हाय, व्हय?"