पाहुण्यांच्या परिचयातलं खोडलेलं वाक्य

कपाट आवरताना एक निळं कार्ड सापडलं आणि लंडनमधल्या स्टॅनमोरच्या त्या हॉलमधला मेणबत्त्यांचा वास पुन्हा नाकात शिरला. भीमजयंतीला आम्ही एका लॉर्डसाहेबांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं होतं आणि त्यांचा परिचय मी वाचणार होतो. मी सगळं तपासून याच कार्डावर लिहिलं होतं: पदवी वडिलांकडून आली, हाउस ऑफ लॉर्ड्समधली जागा पोटनिवडणुकीत मिळाली आणि तिथे मतदार होते फक्त एकतीस, सगळे वारसाहक्काने झालेले लॉर्ड. आमच्या मंडळाचे सेक्रेटरी काका म्हणाले, “अरे, पाहुण्याला बोलावून त्याची जात काढतोस का? खोड ते. लिही, स्वकर्तृत्वाने मोठे झालेले.” मी खोडलं आणि तसंच वाचलं. टाळ्या जोरात पडल्या. इंजिनिअर झाल्यावरही ज्यांना गाव बापाच्या कामावरूनच हाक मारायचं, ते माझे बाबा पहिल्या रांगेत होते. त्यांनी टाळी वाजवली नाही. घरी परतताना गाडीत त्यांनी एवढंच विचारलं, “तुला खरं माहीत होतं ना?” मी “हो” म्हणालो. त्यानंतर मी बोलणार असेन त्या कार्यक्रमाला ते आले नाहीत. आता वारसाहक्काच्या जागा रद्द करणाऱ्या कायद्याने त्या लॉर्डसाहेबांची जागा गेली, बाबाही गेले. कार्डावरची रेघ मात्र माझ्याच हातची आहे.