इसोकिचीचा लंगोट

उराशिरो गावात इसोकिचीला चांगला मासेमार कोणीच म्हटलं नाही. शेजारच्या होड्या भरून यायच्या तेव्हा याच्या टोपलीच्या तळाशी चार बांगडे पडलेले असायचे. बायको शिगे म्हणायची की मासे ह्यांना ओळखतात, लांबूनच वळतात. पण किनाऱ्यावरच्या त्या दोनशे घरांत त्याच्या एका वस्तूचं मोठं नाव होतं, आणि ती वस्तू म्हणजे त्याचा लंगोट. ज्यांना हसायचं त्यांनी हसून घ्यावं. गावातल्या बायका मात्र त्याला हसत नव्हत्या.

पाच हात लांब, पांढरं सुती कापड. कमरेला वेढा द्यायचा, पायांमधून मागे घ्यायचं आणि माकडहाडाच्या वर पीळ देऊन गाठ मारायची. तिकडे त्याला फुंदोशी म्हणतात. तेराव्या वर्षी मामानं इसोकिचीला पहिला लंगोट दिला आणि समोर उभं करून गाठ शिकवली. समुद्रात पडलास तर हीच गाठ धरून तुला वर ओढतील, तेव्हा बाकी काही विसरलास तरी चालेल पण गाठ सैल ठेवू नकोस, असं बजावलं. इसोकिची जन्मात दोनदा पडला आणि दोन्ही वेळा गाठीला धरूनच वर आला. त्याची गाठ गावात कोणालाही दुरून ओळखता यायची, कारण तो सगळ्यांच्या उलट, डावीकडून पीळ घ्यायचा.

तिकडच्या पंचांगात दिवसांना प्राण्यांची नावं असतात. बाईला पाचवा महिना लागला की कुत्र्याचा दिवस बघायचा, कारण कुत्री त्रासाशिवाय विते. त्या दिवशी नवऱ्याच्या अंगावरचा लंगोट धुऊन तिच्या पोटावर पट्ट्यासारखा बांधायचा, अशी तिथली रीत. शिगेला इसोकिचीचा बांधला होता. मात्सुओच्या वेळी ओकाने सुईण बाह्या वर करेपर्यंत पोर बाहेर येऊन रडायलाही लागलं. शिगे तिसऱ्या दिवशी जाळी विणायला बसली. मग लढाई आली. गावातले नवरे गेले आणि मागे राहिलेल्या पोटुशींच्या घरात बांधायला नवऱ्याचा लंगोट उरला नाही. एक कान अधू म्हणून इसोकिचीला फौजेनं घेतलं नव्हतं. कोणाची तरी सासू लाजत लाजत शिगेच्या दारात आली आणि ते कापड घेऊन गेली. बाळंतपण सुखरूप झालं. मग दुसरी आली, मग तिसरी. कापड धुऊन, घडी घालून परत यायचं, सोबत लाल चवळीचा भात यायचा. चौदा घरं झाली. चौदाही बायका उठून कामाला लागल्या. ज्याला समुद्रानं कधी मान दिला नाही त्या इसोकिचीला बायका रस्त्यात वाकून नमस्कार करू लागल्या, आणि तो गडी भलताच ताठ चालायला लागला.

लढाईनंतर चड्ड्या आल्या. इलास्टिकच्या, पांढऱ्या, सोसायटीच्या दुकानात पुठ्ठ्याच्या खोक्यातून मिळणाऱ्या. गावच्या न्हाणीघरात बघता बघता एकेकाच्या टोपलीतून लंगोट गेला आणि चड्डी दिसायला लागली. तरण्या पोरांना लंगोट म्हणजे म्हाताऱ्यांचं लक्षण वाटायचं. खुद्द मात्सुओनं ओसाकाच्या पंख्यांच्या कारखान्यात लागल्यावर पहिल्याच पगारात चड्ड्या घेतल्या. इसोकिची काही बधला नाही. चड्डी दाबते, आधार देत नाही, असं तो गरम पाण्यात गळ्यापर्यंत बसून सगळ्यांना ऐकवायचा. अर्थात आता त्याचं कापड मागायला कोणी येत नव्हतं. बायका शहरातल्या इस्पितळात जाऊ लागल्या होत्या. ते कापड शिगेनं कापूर घालून कपाटाच्या खालच्या खणात ठेवलं होतं.

शिगे गेली तेव्हा अंत्ययात्रेच्या सकाळी इसोकिचीच्या पायांत उभं राहायचंही बळ नव्हतं. त्यानं खालचा खण उघडला, ते कापड काढलं आणि कमरेला कसलं. तिच्या पोटाला लागलेलं कापड आपल्या अंगाला लागलं की चालवेल, एवढंच त्याच्या मनात होतं. आणि चालवलं. प्रेताची पेटी त्यानं टेकडीपर्यंत खांद्यावर नेली. घरी आल्यावर त्याच्या ध्यानात आलं की बाळंतपणाचं कापड आपण मयताला नेलं. त्यानं ते मिठाच्या पाण्यात तीनदा धुतलं, उन्हात वाळवलं, परत खणात ठेवलं आणि कोणाला बोलला नाही.

तीन वर्षांनी मात्सुओचं पत्र आलं. सून हिसाको हिला पाचवा महिना लागणार होता. इसोकिचीनं पंचांग काढलं. पोराच्या चड्ड्या तर बांधता येत नाहीत. राहिलं ते खणातलंच कापड, ज्याच्या आड मात्सुओ स्वतः वाढला ते. त्यानं दोन रात्री विचार केला. मयताची गोष्ट आठवली की हात मागे यायचा, आणि चौदा घरं आठवली की पुढे जायचा. शेवटी त्यानं कापड कागदात गुंडाळलं, सुतळी बांधली आणि पाठवलं. मात्सुओचं उत्तर आलं, कुत्र्याच्या दिवशी बांधलं, हिसाको खूश आहे. इसोकिचीनं ते पत्र न्हाणीघरात नेऊन ओल्या हातांनी सगळ्यांना वाचून दाखवलं.

मार्चमध्ये तार आली. आठव्या महिन्यात मूल पोटातच गेलं होतं. मुलगी होती.

नंतरच्या आठवड्यात न्हाणीघरात इसोकिचीच्या टोपलीत चड्डी दिसली. खोक्यातल्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. एरवी एखाद्यानं नव्या बनियनवरही दहा टोमणे मारले असते, पण त्या दिवशी सगळे आपापली पाठ घासत राहिले. त्यानंतर लंगोट त्याच्या दोरीवर पुन्हा वाळला नाही.

ऑगस्टात पितरांचे दिवस आले तसा मात्सुओ एकटाच गावी आला. हिसाको माहेरीच होती, अजून फारसं बोलत नव्हती. मात्सुओनं अंगणात पिशवी ठेवली आणि दोरीकडे बघत उभा राहिला.

"बाबा, ह्या चड्ड्या कोणाच्या?"

"माझ्या. बऱ्या असतात."

मात्सुओला हसू आलं नाही. रात्रीचं जेवण झालं, शिगेच्या तसबिरीपुढे दिवा लावला, आणि तिथेच बसल्या बसल्या इसोकिचीनं बोलून टाकलं. आईच्या मयताच्या दिवशी तेच कापड नेसलो होतो. ठाऊक असून तुम्हाला पाठवलं. मला मिरवायचं होतं. पोरीला मीच खाल्लं. एवढं बोलून त्यानं डोकं जमिनीला टेकवलं. बाप मुलापुढे असा वाकतो तेव्हा मुलाला बसवत नाही. मात्सुओ उठला, बाहेर गेला, पिशवी घेऊन आत आला आणि त्यातून काढलेलं पुडकं त्यानं बापापुढे ठेवलं.

तोच कागद होता. तीच सुतळी, आणि डावीकडून पीळ दिलेली इसोकिचीची स्वतःची गाठ, न सोडलेली.

मात्सुओनं खाली बघत सांगितलं. हिसाकोची आई शहरातली बाई, ती कुत्र्याच्या दिवशी घरात होती. सासऱ्याचा लंगोट लेकीच्या पोटावर बांधायचा म्हटलं असतं तर तिनं काय तोंड केलं असतं ते त्याच्या डोळ्यांपुढे आलं. त्याला लाज वाटली. त्यानं देवळातून नवा कोरा पट्टा आणून बांधला आणि पत्रात खोटं लिहिलं. पुडकं गुपचूप खणात ठेवून द्यायला आणलं होतं.

इसोकिचीच्या छातीवरून शिळा उतरली. आपण नाही. आपलं कापड नाही. पाच महिन्यांत पहिल्यांदा त्याला नीट श्वास आला, आणि लाज वाटावी इतका आनंद झाला. उद्या लंगोट नेसू, न्हाणीघरात जाऊ, चौदाच्या चौदा घरं परत आपली. मग त्यानं मात्सुओकडे पाहिलं.

"बाबा," मात्सुओ म्हणाला, "हे बांधलं असतं, तर वाचली असती?"

इसोकिचीचं मत विचाराल तर, हो. वाचली असती. मिठानं तीनदा धुतलं होतं, चौदा घरांचं पुण्य त्यात होतं, त्यानं काम केलंच असतं. आता तो ते मानत होता, जसं समुद्र खारट आहे हे मानत होता. समोर तीस वर्षांचा मुलगा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता, लहानपणी मार खाण्याआधी बसायचा तसा.

"छे रे," इसोकिची म्हणाला. "कापडानं काय होतंय. तुझ्या आधी एक गेलं होतं आमचं. सातव्या महिन्यात. हेच बांधलेलं होतं."

"आई कधी बोलली नाही."

"बायका बोलतात होय असलं."

"आणि ती चौदा घरं?"

"कोळणी त्या. धट्ट्याकट्ट्या. दोरखंड बांधला असता तरी व्यायल्या असत्या."

मात्सुओनं तोंडावर हात घेतला आणि रडला. त्या रडण्यात सुटका होती, हे बापाला ऐकू आलं. अधू कानालाही ऐकू आलं. त्यानं तसबिरीकडे पाहिलं नाही. शिगेच्या कुशीवर त्यानं जे कधी घडलं नव्हतं ते लादलं होतं, तेही ती घरी येते त्याच दिवसांत.

सकाळी त्यानं पुडकं मात्सुओसमोर उघडलं, मासे चिरायच्या सुरीनं कापडाचे आठ तुकडे केले आणि होडीचं इंजिन पुसायला डब्यात टाकले. मात्सुओ अडवायला पुढे झाला तर म्हणाला, चांगलं सुती आहे, तेल छान टिपतं.

मग तो ओकानेकडे गेला. ऐंशीची झालेली सुईण ओट्यावर शेंगा सोलत होती. शिगेच्या पोटाचा खरा इतिहास गावात तिच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हता, आणि मात्सुओ तिच्या पाया पडल्याशिवाय जाणार नव्हता. इसोकिचीनं सगळं सांगितलं.

"आयुष्यभर पोरं जिवंत काढली मी," ती म्हणाली, "आणि आता म्हणतोस, न झालेलं मारून दे."

"एवढं कर, ओकानेबाई."

"आणि चौदा जणी? त्या तुझं नाव घेतात अजून."

"घेऊ दे. मात्सुओला तेवढं सांग."

दुपारी बसच्या थांब्यावर मात्सुओ ओकानेच्या पाया पडला, आणि तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की तुझ्या आईचं पहिलं गेलं ते माझ्याच हातावर, पोर होती, केस दाट होते. केसांचं इसोकिचीनं सांगितलं नव्हतं. म्हातारीनं स्वतःच्या पदरचे घातले.

हिसाको पुढच्या वर्षी घरी परतली, आणि तिला मूल झालं की नाही हे या गोष्टीत नाही. पण दर ऑगस्टात मात्सुओचं पाकीट यायचं. त्यात उदबत्तीचा पुडा आणि एक ओळ असायची: आईसाठी एक, आमच्या मुलीसाठी एक आणि माझ्या ताईसाठी एक लावा.

पहिल्या वर्षी तिसरी काडी लावताना इसोकिचीचा हात थबकला. न लावावी, तर पोरगा कधी आलाच तर उरलेल्या काड्या मोजेल. लावावी, तर कोणासाठी? लावली. पुढच्या वर्षीही लावली. पाचव्या-सहाव्या वर्षी, चड्डीच्या इलास्टिकचा कमरेवर पडलेला वळ खाजवत तो तसबिरीपुढे बसला असताना शेजारणीनं त्याला विचारलं की डोळे का पुसताय. तो म्हणाला, पोरीची आठवण आली. कुठल्या पोरीची, तिनं विचारलं.

"थोरलीची," इसोकिची म्हणाला. "केस फार दाट होते तिचे."