हलकी करवत

मयताला गेलेला माणूस काय करतो? चार लोकांत गप उभा राहतो, दोन लाकडं उचलतो आणि घरी येऊन अंघोळ करतो. एवढं साधं काम, राव! तेही मला जमलं नाही. माझी अक्कल मी पाजळली कुठे, तर थेट स्मशानात!

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. पिंपरीत एक कारखाना उभा राहत होता आणि मी कोकणातून येऊन तिथे स्टोअरचा कारकून झालो होतो. राहायला गावात, नानांच्या घरी. घरमालक कसले, बापासारखे होते मला. पौषात एका दुपारी नाना अचानक गेले. फार रडलो मी.

नदीकाठी स्मशानात बाभळीचं एक वाळकं खोड पडलं होतं. सरणासाठी चार-पाच जण कुऱ्हाडी घेऊन त्याला भिडले. पण बाभूळ कसली, लोखंड ते! नानांचा मुलगा सदाशिव हवालदिल झाला.

"दिवस बुडायच्या आत अग्नी द्याया पायजे, भाऊसाहेब. न्हाईतर बाप रातभर तसाच राहील."

मला भरून आलं. म्हटलं, "ठेवा त्या कुऱ्हाडी! कंपनीत यंत्राची करवत आहे, पेट्रोलवर चालणारी. आत्ता आणतो."

"जमंल न्हवं?" नानांच्या थोरल्या भावाने, आबांनी विचारलं.

"आबा, लोण्यासारखं कापते!"

लोकांनी विश्वासाने कुऱ्हाडी खाली ठेवल्या. साहेबांची परवानगी काढून मी स्टोअर उघडलं. एक करवत अवजड, दोघांनी धरायची. ती नको. मधल्या आकाराच्या दोन होत्या. विती टाकून मोजल्या, पाती अगदी सारखी. मग एकेक उचलून पाहिली. दुसरी चांगली दीड शेर हलकी! मी खूश. म्हटलं, विलायती डोकं बघा, पातं तेवढंच आणि वजन कमी! हलकी खांद्यावर टाकली आणि ऐटीत निघालो.

पोचलो तर तिरडी येऊन टेकलेली. सगळं गाव माझ्याकडे बघतंय.

दोरी ओढली. फुस्स. पुन्हा ओढली. फुस्स! कोट काढून ओढली, पाय रोवून ओढली. ऊन नदीपलीकडे गेलं. कुणीतरी खाकरलं.

शेवटी सदाशिव हळूच म्हणाला, "भाऊसाहेब, तेल हाय का तिच्यात?"

टाकीचं झाकण उघडलं. आत ठणठणीत कोरडं! आता कळलं, ती हलकी का होती! भरलेली करवत मी जड म्हणून स्टोअरमध्ये ठेवून आलो होतो. ती आणायला वेळ कुठे उरला होता?

मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोकांनी पुन्हा कुऱ्हाडी उचलल्या आणि जीव तोडून घाव घालायला लागले. शरमेने मीही एक कुऱ्हाड घेतली. पण लेखणीचा हात तो! दहा-बारा घावांत डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी आडवा झालो, तो नेमका तिरडीशेजारी.

किरणं दिसत होती तोवर चिता रचून झाली. अग्नीचं मडकं हातात घेऊन सदाशिव उभा राहिला. आबांनी एकदा नानांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"आरं, आनखी दोन ओंडकी फोडा रं. हे बी निघाल्यात."

आणि खरं सांगतो, दोघं जण कुऱ्हाडी घेऊन उठलेसुद्धा!